वजन तळातून उचलावे: बिअरच्या बाटल्यांसाठी शिवलेल्या कातडी कॅरिअरचे एक प्रकरण

मागच्या पावसाळ्यात पुण्यातील एका भेटवस्तू विक्रेत्याने आमच्याकडे बिअरच्या बाटल्या नेण्यासाठी कातडी कॅरिअर शिवून मागितले. मागणी पन्नास नगांची होती. प्रत्येक कॅरिअरमध्ये ३३० मिलीच्या सहा बाटल्या उभ्या राहाव्यात आणि माल दिवाळीच्या दहा दिवस आधी पोहोचावा, एवढ्याच त्याच्या अटी होत्या. सोबत परदेशी बनावटीच्या एका कॅरिअरचा फोटो होता: पातळ, मधाच्या रंगाच्या कातड्याची उभी पेटी, आत कप्पे आणि दोन्ही टोकांना रिबिट मारून बसवलेला गोलसर कातडी मूठपट्टा. मी कातडी वस्तूंचे आराखडे करते आणि कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या पायताण शिवणाऱ्या एका कुटुंबाच्या कारखान्यात बसून त्या वस्तू शिवून घेते. त्या घरातल्या कर्त्या कारागिरांना मी मामा म्हणते, त्यांच्या पत्नींना मामी. या प्रकरणात जे काही नीट झाले ते बहुतांशी त्या दोघांच्या हातून झाले आणि जी पहिली चूक झाली ती माझी होती, हे सुरुवातीलाच नोंदवणे योग्य ठरेल.

ती चूक अशी की नमुना तयार होण्याआधीच, केवळ फोटोवर नजर टाकून, मी प्रत्येक नगाचा दर कबूल केला. चपलेचा दर सांगताना असे चालते, कारण कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपलेला किती कातडे, किती वेण्या आणि किती तास लागतात हे कारखान्यात सर्वांना ठाऊक असते. बाटल्यांचे कॅरिअर आम्ही त्याआधी कधीच शिवलेले नव्हते.

पहिला नमुना आम्ही फोटोबरहुकूम केला. सुमारे २ मि.मी. जाडीच्या कातड्याच्या चार भिंती, त्यांना खालून शिवलेला एकेरी तळ आणि आखूड बाजूंच्या वरच्या काठापाशी दोन-दोन रिबिटांनी बसवलेला मूठपट्टा अशी त्याची रचना होती. तो दिसायला देखणा झाला होता. दोन दिवस तो कारखान्यात रिकाम्या बाटल्या घालून फिरवला, तेव्हा कोणतीच अडचण जाणवली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यात फ्रीजमधून काढलेल्या सहा भरलेल्या बाटल्या ठेवल्या, तासभर तो तसाच राहू दिला आणि मग तो घेऊन जिना उतरू लागले. सातव्या-आठव्या पायरीवर एका टोकाचा पट्टा सुटला, कॅरिअर कलंडले आणि दोन बाटल्या पायरीवर फुटल्या. कोणाला इजा झाली नाही. तुटलेला नमुना आम्ही टेबलावर पसरून ठेवला आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही काम हाती घेतले नाही.

नमुना का तुटला

सर्वांत आधी आम्ही वजन केले. ३३० मिलीची भरलेली काचेची बाटली आमच्या काट्यावर ५५० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यान भरत होती, म्हणजे सहा बाटल्यांचे ओझे सुमारे साडेतीन किलो झाले. हातात धरून स्थिर उभे राहिले तर हे ओझे काहीच नाही. परंतु जिना उतरताना प्रत्येक पावलाला हिसका बसतो आणि त्या क्षणापुरते पट्ट्यावर येणारे बळ स्थिर वजनाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. शिवाय चालताना कॅरिअर पुढे-मागे झुलते, त्यामुळे हा भार दोन्ही टोकांवर सारखा न पडता आळीपाळीने एकेका टोकावर अधिक पडतो. आमच्या नमुन्यात तो सगळा भार काठापासून जेमतेम १० मि.मी. अंतरावर असलेल्या दोन छिद्रांवर येत होता. तुटलेल्या बाजूची छिद्रे गोल राहिलेली नव्हती. ती वरच्या दिशेने लांबट होत गेली होती आणि शेवटी कातडे काठापर्यंत उसवले होते. रिबिटे मात्र शाबूत होती.

दुसरे कारण त्या भिंतीच्या कातड्यातच होते. जनावराच्या कातडीचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट विणीचा असतो आणि कण्याच्या दिशेने ओढला तर फारच थोडा ताणतो. पोटाकडचा भाग सैल, स्पंजासारखा असतो आणि ओढला की लांबतो. आकाराने मोठा आणि डाग नसलेला तुकडा मिळावा म्हणून मी ती भिंत पोटाच्या कडेने कापून घेतली होती. मामांनी कापताना मला एकदा विचारले होते आणि नमुन्यापुरतेच आहे म्हणून मी तो तुकडा पुढे केला होता.

तिसरे कारण पाण्याचे होते आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत फ्रीजमधून काढलेली बाटली ठेवली की तिच्यावर लगेच दव धरते आणि ते ओघळून तळाशी साचते. आम्ही नंतर मुद्दाम मोजून पाहिले, तेव्हा तासाभरात सहा बाटल्यांचे मिळून वीसएक ग्रॅम पाणी तळाच्या कातड्यात शिरलेले होते. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे पाणी ओढून घेते आणि भिजले की मऊ होते. आपण त्याला हवा तो आकार देऊ शकतो तो याच गुणामुळे, पण भाराखाली भिजले की तेच कातडे आपणहून आकार बदलू लागते. तळ मधोमध खाली बसला, बाटल्या आतल्या बाजूला झुकून एकमेकींवर आपटू लागल्या आणि पट्ट्याला बसणारे हिसके त्यामुळे आणखी वाढले.

चौथी गोष्ट तुटण्याची नव्हती, पण ग्राहकाने माल परत पाठवावा इतकी ठळक होती. रिबिटांभोवती निळसर काळे डाग पडले होते. बाजारातून आणलेली ती रिबिटे पितळी रंगाची होती, परंतु मुलामा आतल्या लोखंडावर होता आणि ठोकताना तो तडकला होता. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यात टॅनिन भरपूर असते; ओलाव्यात लोखंड त्याच्या संपर्कात आले की काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकून पूर्वी शाई करत असत, ती याच क्रियेने. असा डाग वरून पुसून जात नाही, कारण तो कातड्याच्या आत तयार झालेला असतो. मामींनी रिबिटाला लोहचुंबक लावून दाखवले आणि ते चिकटले. त्या दिवसापासून कारखान्यात येणारा प्रत्येक धातूचा तुकडा आधी चुंबकाला दाखवला जातो.

चपलेचा कान

माझा पहिला विचार रिबिटांची संख्या वाढवण्याचा होता. दोनाऐवजी चार मारावीत, काठापासून आणखी खाली घ्यावीत आणि आतून कातड्याचे ठिगळ द्यावे, असे मी कागदावर काढूनही ठेवले. मामांनी तो कागद बाजूला सारला, शेजारची अर्धवट शिवलेली चप्पल उचलली आणि तिचा कान बोटाने ओढून दाखवला. कोल्हापुरी चपलेच्या दोन्ही अंगांना तळातून वर आलेल्या ज्या कातडी पाकळ्या असतात त्यांना कान म्हणतात. पायावरचा पट्टा या कानांना जोडलेला असतो. कान तळाला बाहेरून चिकटवलेला किंवा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ तळाच्या दोन थरांच्या मध्ये घातलेले असते आणि थर, कान, थर अशी तिन्ही कातडी एकाच टाक्यात शिवलेली असतात. माणूस चालताना पट्टा जितक्या जोराने ओढला जातो तितका तो ओढा कानावाटे तळात उतरतो आणि तळाच्या संपूर्ण कडेवर पसरतो. परंपरेने ही चप्पल खिळा न मारता, कातड्याच्याच वादीने, म्हणजे अरुंद पट्टीने, शिवली जाते आणि तरीही ती वर्षानुवर्षे टिकते.

मामांचे म्हणणे थोडक्यात असे होते: "ताई, वझं काठाला टांगायचं न्हाई. खालनं उचलायचं. माणसाला उचलताना आपण कानाला धरतो का?" त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील विहिरीच्या मोटा दुरुस्त करत. बैल मोट वर ओढत तेव्हा पाण्याने भरलेल्या त्या कातडी पिशवीवर केवढा ताण येई हे त्यांनी पाहिलेले होते. दुरुस्तीला आलेली मोट बहुधा तळाशी धड असे आणि काठाशी, जिथे ती टांगलेली असे तिथे, फाटलेली असे, ही त्यांची आठवण आमच्या टेबलावरच्या नमुन्याशी तंतोतंत जुळत होती. मोट, तिचा नाडा (दोर), पखाल (पाणी वाहायची कातडी पिशवी) या वस्तू शिवणारे हात आज फारसे उरलेले नाहीत. पण भिजलेल्या कातड्यावर ओझे कसे पेलावे याचे ज्ञान त्या हातांनी पुढच्या पिढीला दिले होते आणि मी फोटोकडे पाहत बसले होते त्या वेळीही ते माझ्या शेजारीच होते. या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटले आणि तितकाच आनंदही झाला.

या बोलण्यातून रचना पूर्णपणे बदलली. मूठपट्टा वेगळा करून जोडायचाच नाही, असे ठरले. सुमारे एक मीटर लांबीची आणि ३८ मि.मी. रुंदीची एकच वादी तळाच्या दोन थरांमधून लांबीच्या दिशेने जाते, दोन्ही आखूड भिंतींना लागून वर चढते आणि बाटल्यांच्या वर येऊन तिची दोन टोके एकमेकांवर बसतात. तीच कॅरिअरची मूठ. भिंतींचीही खालची १५ मि.मी. कड आत वळवून, चपलेच्या कानाप्रमाणे, तळाच्या दोन थरांमध्ये घातली. त्यामुळे भिंतीला ओझे पेलण्याचे कामच उरले नाही. बाटल्या आपल्या जागी उभ्या ठेवणे एवढेच तिचे काम झाले.

जोड कुठे ठेवावा यावर मात्र आमचे एकमत लगेच झाले नाही. तो तळाच्या थरांमध्ये लपवावा, म्हणजे वर मूठ अखंड दिसेल, असे माझे मत होते. मामांना तो वर, हाताखाली हवा होता. तिथे टोके ११० मि.मी. एकमेकांवर आली की मूठ दुहेरी जाड होते आणि हाताला रुतत नाही, हा एक फायदा. आणि टाका झिजू लागला तर तो वापरणाऱ्याच्या नजरेस रोज पडतो, हा त्याहून मोठा. लपलेला जोड कधी सैल झाला ते तुटेपर्यंत कळत नाही. मी माझा आग्रह सोडला.

कातडे

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या हत्येवर बंदी आहे, त्यामुळे जाड कातड्यासाठी कारागिरांचा मुख्य आधार म्हैसवर्गीय जनावरांच्या कातडीवर आहे. कोल्हापुरी चपलेचा तळ याच कातड्याचा असतो आणि वरच्या नाजूक वेण्यांसाठी बकऱ्याचे पातळ कातडे वापरले जाते. आमच्या कामाला सालीने कमावलेले म्हशीचे कातडेच योग्य होते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे पाण्याला अधिक दाद देत नाही हे खरे, पण ते ओले करून घडवले तर वाळल्यावर आकार धरून ठेवत नाही, पुन्हा लोळते. सालीने कमावलेले कातडे भिजवून, घडीवर दाबून, सावलीत वाळवले की ती घडी कायमची बसते. ते घाईने उन्हात किंवा शेगडीजवळ मात्र वाळवता येत नाही, कारण ओले असताना ते सत्तर-पंच्याहत्तर अंश उष्णतेलाच आक्रसून कडक होते.

तळाचे दोन्ही थर आणि वादी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने काढायची, भिंती खांद्याच्या बाजूने घ्यायच्या आणि पोटाचा भाग फक्त आतल्या कप्प्यांना वापरायचा, असे आम्ही वाटप ठरवले. तळाचा प्रत्येक थर ४ मि.मी., वादी साडेतीन, भिंत ३ आणि कप्पे २ मि.मी. जाडीचे. कप्पे प्रथम दीड मि.मी.चे करून पाहिले होते. परंतु ओझे उचलताना वादीची दोन्ही अंगे वर एकमेकांकडे झुकतात आणि आखूड भिंतींचे काठ आत ओढतात. त्या दाबाखाली पातळ कप्पा कमानीसारखा वाकला. कप्पा म्हणजे नुसता आडोसा अशी माझी समजूत होती, प्रत्यक्षात तो आतून दिलेला टेकू निघाला.

मापे बाटलीवरूनच घेतली. आमच्या बाटलीचा व्यास ६१ मि.मी. होता, प्रत्येक घराला ६६ मि.मी. दिले, म्हणजे तीन घरे आणि दोन कप्पे मिळून आतली लांबी २०२ मि.मी., तर दोन घरे आणि एक कप्पा मिळून रुंदी १३४ मि.मी. झाली. भिंतीची उंची १३० मि.मी. ठेवली. ती आणखी वाढवावी असे ग्राहकाचे म्हणणे होते आणि त्यामागे एक चांगले कारणही आहे: बिअरमधील हॉप्सच्या घटकांवर उजेड पडला की तिला उग्र वास येऊ लागतो, विशेषतः हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत. पण आमच्या बाटल्या तपकिरी होत्या आणि ती काच हे काम बऱ्याच अंशी स्वतःच करते. भिंत उंच केली असती तर बाटली वाकडी करून बाहेर काढता आली नसती.

शिवण

वादी कापल्यावर ती लगेच शिवायची नाही, हा एक नियम आम्ही घालून घेतला. तिला पाण्यात बुडवून, खाली वजन बांधून रात्रभर टांगून ठेवले जाई. जेवढे ताणायचे तेवढे ते कातडे तिथेच ताणून घेई आणि मग वाळल्यावर तिची लांबी मोजून टोके कापली जात. ज्या वाद्या टांगल्याशिवाय शिवल्या त्या चाचणीत लांबल्या आणि कॅरिअर एका अंगाला कलले.

भिंतीची पट्टी चारही कोपऱ्यांवर दुमडण्याआधी मामा आतल्या बाजूने रापीने उथळ खाच घेत, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल कधीच नाही, आणि मग ती जागा ओली करून मोगरीने ठोकून काटकोन बसवत. भिंतीचा जोड एका आखूड बाजूला, नेमका वादीच्या मागे ठेवला, त्यामुळे तो बाहेरून दिसत नाही आणि वादीचा त्याला आधारही मिळतो.

तळाच्या शिवणीसाठी मामांची पसंती कातड्याच्या वादीलाच होती. तिथे सतत ओल येणार आणि ओलीत बारीक वादी कुजण्याची भीती आहे, हे माझे म्हणणे त्यांनी मान्य केले आणि मेण लावलेला पॉलिएस्टरचा जाड दोरा घेतला. भिंतीच्या वरच्या काठावर मात्र बकऱ्याच्या कातड्याची बारीक वादी गुंफली, ती त्यांच्या हातची ओळख म्हणून. टाका दोन सुयांचा घातला. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी जातात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे टाके सैल होत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी दुसऱ्या सुईचा दोरा तिथे जागेवर असतो. इंचाला पाच टाके या हिशेबाने तळाच्या कडेला सुमारे १३० टाके येतात आणि जाड थरांमुळे शिवणीच्या लांबीच्या जवळजवळ पाचपट दोरा लागतो. हे काम बहुतेक मामींनी केले. चपलेच्या व्यवसायात वेणी आणि बारीक शिवण घरातल्या बायका करतात, कापणे आणि ठोकणे पुरुष करतात, आणि दर मात्र पुष्कळदा जोडीमागे एकच ठरलेला असतो. त्यामुळे शिवणीचे तास वेगळे लिहून ठेवण्याची सवय कोणालाच नसते. मी या कामात ते वेगळे लिहिले आणि पुढे दराची बोलणी करताना तीच वही कामाला आली.

कप्पे भिंतींना शिवू नयेत, ही सूचना मामींची. निम्म्यापर्यंत खाचा पाडून, एकमेकांत अडकवून ते आत नुसते बसवायचे, म्हणजे काढून वाळवता येतात. तळात प्रत्येक बाटलीच्या जागी पितळी आयलेट बसवून पाण्याला वाट दिली होती, पण कप्पे आणि तळ यांच्या कोपऱ्यात ओल अडकून राहते हे मामींनीच हात घालून पाहिले. सुट्या कप्प्यांचा आणखी एक परिणाम झाला, तो मी आराखड्यात धरलेला नव्हता. मामा माळकरी आहेत. त्यांच्या घरात दारूला स्थान नाही आणि हे काम घ्यावे की नाही यावर त्यांनी पहिल्या दिवशी बराच विचार केला होता. माझ्यासाठी नको ते काम करू नका, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. कप्पे काढल्यावर त्याच पेटीत तेलाची बरणी, दुधाच्या बाटल्या, भाजी, काहीही राहते हे पाहिल्यावर ते म्हणाले, "पखालीत पाणी भरायचं का काय, ते भरणारा बघंल. आपुन शिवण चांगली करायची." त्यानंतर त्यांनी त्या विषयाला पुन्हा हात घातला नाही, मीही घातला नाही.

तेल देण्याच्या बाबतीत जुनी पद्धत उपयोगी पडली. मोटेच्या कातड्याला पूर्वी करडईचे कढवून घट्ट केलेले तेल चोळत, कारण ते हवेत सुकून कातड्यात पाणी शिरू देत नाही. आम्ही तेच तेल आणि थोडे मधमाशीचे मेण एकत्र करून तळाला दोन्ही बाजूंनी तीन हात दिले, भिंतींना एक. रंग अपेक्षेहून गडद झाला, फोटोतला मधाचा रंग उरला नाही. ग्राहकाला तसा तुकडा पाठवून त्याची संमती घेतली. ज्यांना हे घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना: सुकणाऱ्या तेलात भिजलेले बोळे चुरगळून ढिगात टाकू नयेत. ते सुकताना तापतात आणि पेट घेऊ शकतात, म्हणून ते मोकळे पसरून वाळवावेत.

चाचणी आणि दर

नवा नमुना आम्ही तीन प्रकारे तपासला. वाळू भरून १५ किलो वजन त्यात ठेवून तो रात्रभर आढ्याला टांगला. मग तळ मुद्दाम भिजवून तेच वजन पुन्हा तासभर टांगले. तळ मध्यभागी ४ मि.मी. खाली आला आणि वाळल्यावर जवळजवळ पूर्ववत झाला. शेवटी थंड बाटल्या भरून मी तोच जिना वीस वेळा चढले आणि उतरले. जोडाचे टाके जसेच्या तसे होते.

आता दराचा प्रश्न पुढे आला. पहिल्या नमुन्याला अकरा तास लागले होते. नव्या रचनेचा हात बसल्यावर एक नग साडेसहा तासांवर आला, त्याखाली तो काही केल्या येईना. कबूल केलेल्या दरात पन्नास नग दिले असते तर कातडे, दोरा आणि पितळ यांचा खर्च वजा जाता मामा-मामींच्या वाट्याला चपलेच्या कामापेक्षाही कमी मजुरी आली असती. विक्रेत्याला मी तुटलेल्या नमुन्याचे फोटो, तासांची वही आणि नवा नमुना असे तिन्ही पाठवले आणि दर सांगताना घाई केली हे कबूल केले. दोन आठवडे बोलणी चालली. त्याचा राग मला समजण्यासारखा होता, कारण त्यानेही पुढे कोणाला तरी किंमत सांगितलेली होती. शेवटी तीस नग, वाढीव दराने, असे ठरले. पुढे दर द्यायचा तो नमुना टांगून झाल्यावरच, हा नियम मी त्यानंतर मोडलेला नाही.

त्याच बोलण्यांत त्याने एक मागणी केली, ती मात्र आम्ही नाकारली. सोबतच्या कार्डावर कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन छापावे, असे त्याला वाटत होते. ते मानांकन २०१९ मध्ये मिळाले आहे आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे आठ जिल्हे येतात. पण ते चपलेसाठी आहे. कातडे तेच, हात तेच, शिवणीची रीतही तीच असली तरी बाटल्यांच्या कॅरिअरला ते नाव लावता येत नाही. आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांनी मिळून मिळवलेले नाव एका भेटवस्तूच्या कार्डासाठी सैल करणे मला मुळीच मान्य नव्हते. कार्डावर "कोल्हापुरात हाताने शिवलेले" एवढेच छापले आणि ते खरे होते.

परत आलेले दोन नग

तीस नगांपैकी दोन परत आले. पहिल्यात बाटल्याच बसत नव्हत्या. ३३० मिलीच्या सगळ्या बाटल्या एकाच घडणीच्या नसतात. काही बुटक्या आणि रुंद असतात, आणि त्या ग्राहकाची आवड नेमकी तशा बाटलीची होती. त्याच्यासाठी कप्पे बदलून चार मोठ्या घरांचे केले. सुटे कप्पे होते म्हणून हे अर्ध्या दिवसात झाले. त्यानंतर आम्ही मागणी घेतानाच बाटलीचा व्यास विचारतो.

दुसऱ्यावर पांढरी बुरशी आली होती. तो ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला गेला होता. सालीने कमावलेल्या कातड्याला दमट आणि बंद जागा सोसत नाही. वापरल्यावर कप्पे काढून उघड्यावर वाळवावे आणि सुती पिशवीत ठेवावे, हे आम्ही कार्डावर छापायला हवे होते, ते राहून गेले होते. मामींनी बुरशी कोरड्या फडक्याने अंगणात झटकली, कातडे ओलसर कापडाने पुसून सावलीत दोन दिवस ठेवले आणि पुन्हा तेलाचा एक हात दिला. डागाची पुसट छटा एका कोपऱ्यात राहिली.

तो नग परत पाठवण्याआधी मामांनी तो उजेडात धरून मूठ उलटसुलट करून पाहिली. चार महिने वापरात असलेल्या त्या जोडावरचा एकही टाका हललेला नव्हता. फक्त अंगठा टेकतो तेवढ्या जागेवरचे मेण उडून कातडे गुळगुळीत आणि काळसर झाले होते. त्यांनी तिथे मेण पुन्हा चोळले, कार्डाच्या मागे वाळवण्याची सूचना मला हाताने लिहायला सांगितली आणि पेटी बांधायला मामींकडे दिली.